पाठमोरीचे सतरा तुकडे

"तो पुतळा कलमनचा नाही," घारपुरे सर म्हणाले आणि साखरेचे भांडे माझ्याकडे सरकवले. "तो मी केलेला आहे."

"सर, माझा प्रबंध तुम्ही दोनदा वाचलात."

"वाचला की."

"त्यात या एका पुतळ्यावर एक्केचाळीस पाने आहेत. कलमनची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून. त्या प्रकरणात तुम्ही फक्त स्वल्पविराम दुरुस्त केले होते."

"गुरूच्या विरुद्ध बोलायला जीभ रेटेना, वैजयंती. आता पंचाहत्तरी आली. किती दिवस झाकून ठेवायचं?"

ही गोष्ट १९८६च्या डिसेंबरातली. मी तेव्हा कलेच्या इतिहासाची चौतीस वर्षांची अधिव्याख्याती होते आणि माझी सारी विद्वत्ता एका मृत हंगेरियन माणसावर उभी होती. कालमान वेरेश बुडापेस्टमध्ये शिल्पकला शिकला, ज्यू म्हणून तिथे जगणे अशक्य झाले तेव्हा १९३८ साली निघाला, आणि एका संस्थानिकाच्या हौसेमुळे हरणगडला पोहोचला. गावाने त्याला कलमनसाहेब केले. त्याने गावाला घोड्यावरचे राजेसाहेब दिले, वाड्यापुढच्या राजमाता दिल्या, दवाखान्यापुढचे कासवांचे कारंजे दिले, वाचनालयाच्या दारातले दोन अर्धपुतळे दिले, आणि १९५७ साली तिथेच मेला. घारपुरे सर त्याचे पहिले शिष्य. पुढे कला महाविद्यालयाचे प्राचार्य आणि माझे मार्गदर्शक.

वादातला पुतळा चौकात आहे. डोक्यावर बांबूची बुट्टी घेऊन उतार उतरणारी बाई. चौथरा असा बसवला आहे, की तिचे तोंड कोटाच्या भिंतीकडे आणि पाठ रस्त्याकडे. म्हणून गाव तिला पाठमोरी म्हणते आणि एस.टी.चा कंडक्टरही "पाठमोरी, पाठमोरी" असाच पुकारा करतो. चौथऱ्यावर नाव मात्र एकच, कलमन वारल्यावर नगरपालिकेने कोरवलेले : के. वेरेश.

सरांनी दोन कागद पुढे केले. पहिला नजरकैदेचा हुकूम. डिसेंबर १९४१मध्ये इंग्लंडने हंगेरीशी युद्ध पुकारले आणि कलमन एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक झाला. त्याला हरणगडच्याच किल्ल्यावरच्या छावणीत ठेवले. सुटका १९४५. दुसरा कागद दरबारचा, फेब्रुवारी १९४२चा : चौकातल्या पुतळ्याचे काम ड्रॉइंग मास्तर त्र्यंबक घारपुरे यांजकडे सोपवण्यात येत आहे. पुतळा बसला जानेवारी १९४३मध्ये. नजरकैदेची तारीख मला ठाऊक होती. मेणाचा नमुना त्याआधीच तयार असणार, अशी एक तळटीप लिहून मी ती अडचण निकालात काढली होती. दरबारचा हुकूम मी पहिल्यांदाच पाहत होते.

कागद खरे होते. म्हणूनच मला संशय आला. ज्याच्याजवळ असे कागद आहेत, तो चव्वेचाळीस वर्षे कशाची वाट पाहतो?

"नगरपालिकेची समिती दहा दिवसांनी बसते," सर म्हणाले. "तुझा अहवाल लागेल. चौथऱ्यावरचं नाव बदलायचं म्हणजे तज्ज्ञाचं मत हवं. आणि हे बघ, तुझ्या प्रपाठकपदाच्या निवड समितीवर मी आहे, पण त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही."

संबंध नाही हे त्यांनी आपणहून सांगितले, तेव्हाच तो मला दिसला.

चार सकाळी मी शिडी लावून पाठमोरी मोजली. पानपट्टीवाला खालून ओरडला, "बाई, लुगडं शिवायला मापं घेताय व्हय?" मी हसले नाही. मी चिडलेली होते, आणि मुख्यत्वे स्वतःवर. ज्या पुतळ्यावर मी एक्केचाळीस पाने लिहिली, त्याला मी कधी हात लावला नव्हता. आमच्या शास्त्रात हात लावणे हे कारागिराचे काम मानतात.

हात लावल्यावर जे कळले ते असे. कलमनने १९४० साली केलेल्या राजमातेच्या पुतळ्याचा काष्टा समोरून ठीक आहे, पण मागून चादर गुंडाळल्यासारखा. कारण तो स्टुडिओतल्या फोटोवरून केला, आणि फोटोत बायका पाठ करून उभ्या राहत नाहीत. पाठमोरीचा काष्टा मात्र पोटरीमागे नेमका ताणतो, उतारावर पाऊल टाकताना ताणावा तसा. डावी टाच बाहेर फेकलेली आहे आणि सगळा भार उजव्या कमरेवर. या टाचेला मी प्रबंधात 'मध्य युरोपीय अस्वस्थतेची खूण' म्हटले होते. सरांनी तिथेही स्वल्पविरामच दुरुस्त केला होता.

मग मी सरांची गावातली कामे पाहून आले. शाळेतली सिमेंटची सरस्वती, बाजार समितीचा बैल. सरस्वतीच्या गुडघ्यांना खांबांचा घेर होता. बैल त्यामानाने बरा.

म्हणजे ही पाठ कलमनला १९४०मध्ये जमली नव्हती आणि सरांना कधीच जमली नाही. आणि चेहरा? भिंत आणि पुतळा यांच्यामधल्या हातभर फटीत मी अंग चोरून शिरले. चेहरा नव्हताच जवळजवळ. गुळगुळीत, मुकाट, त्या सरस्वतीच्या गुडघ्यांच्याच जातीचा. तो कोणाचा हे सांगायला शास्त्र लागत नव्हते.

शेवटची गोष्ट जोडांची. पाच फुटी पुतळा साधारणपणे तीन भागांत ओततात. पाठमोरीत मी सतरा तुकडे मोजले, आणि एकही तुकडा सोळा इंचांहून रुंद नव्हता. ज्याच्याकडे दरबारचा हुकूम आहे, ज्याच्या दिमतीला मोकळे अंगण आणि मोठी भट्टी आहे, तो बाईचे सतरा तुकडे का करील?

हे विचारायला मी ओतारी गल्लीत गेले. पुतळा ओतला तो दौलू ओतारी अजून हयात होता. त्र्याहत्तर वर्षांचा, अंगात बंडी, हातात घंटेचा लोलक आणि कानस.

"आठवत न्हाई," तो म्हणाला.

"तुम्हीच ओतलात ना?"

"लई ओतलं. घंटा ओतल्या, समया ओतल्या. काय काय आठवायचं?"

"सतरा तुकडे, दौलूमामा. इतके तुकडे दुसऱ्या कोणत्या पुतळ्यात केलेत?"

कानस थांबली. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिले, लोलक ठेवला आणि चप्पल घालून गल्लीबाहेर निघून गेला.

"झालं," आतून त्याची बायको म्हणाली. "आता जेवायच्या वक्तालाच येतंय ते ध्यान. बसा बाई. च्या घेणार का नुसतं मोजणारच?"

बायजाक्का सदुसष्टची होती. चहाचा कप घेऊन ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा मी तिची डावी टाच पाहिली. ती बाहेर पडत होती, आणि सगळा भार उजव्या कमरेवर येत होता.

मी कप घ्यायला विसरले.

"पायाला काय बघताय? ल्हानपणी झाडावरनं पडले. हाड वाकडं बसलं."

"बायजाक्का, तुम्ही किल्ल्यावर जात होता का? लढाईच्या वेळी?"

ती दार लोटून आली आणि माझ्यासमोर बसली. "कुणाला सांगणार हाय तुमी?"

"सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"मग ऐका, आन मग इसरा."

हकिगत साधी होती. काम घारपुरे मास्तरकडे आले, मास्तरची माती दोनदा खचली, आणि राजेसाहेबांच्या पन्नाशीचा मुहूर्त जवळ आला. तेव्हा दौलूने आणि मास्तरने मिळून ठरवले की काम साहेबाकडूनच करून घ्यायचे. नजरकैदेतल्या माणसाने बाहेरचे काम करणे गुन्हा होता. पण साहेब छावणीत अधिकाऱ्यांच्या पोरांसाठी मेणाची खेळणी करी, त्यामुळे त्याच्याजवळ मेण दिसले तर कोणी विचारत नसे. आणि बायजाक्का रोज भाजीची बुट्टी घेऊन वर जात असे. जाताना भाजीखाली मेण न्यायचे, येताना रिकाम्या बुट्टीत तुकडा आणायचा : आत माती आणि भाताचा कोंडा, वर भाकरीएवढ्या जाडीचे मेण, भोवती ओले गोणपाट आणि लिंबाचा पाला. दौलू त्यावर मातीचा लेप देई आणि भट्टीत घाली. मेण वाहून जाई, त्या जागी धातू उतरे. मूळ काही उरतच नसे.

"तुकडा केवढा करायचा? तर माझ्या बुट्टीएवढा," ती म्हणाली. "शिपाई भरलेली बुट्टी उपसून बघायचा. रिकामीकडं कोण बघतंय?"

"साहेब तुमच्याशी बोलायचा?"

"त्याला मराठी येतंय कुठं! 'धर', 'उचल', 'सावकाश'. एवढंच. माझं नावसुदिक कधी इचारलं न्हाई. मी उतराय लागले की तटावर उभा ऱ्हायचा. मला वाटायचं, तुकडा पडंल म्हणून बघतोय."

"आणि मग कळलं?"

"पुतळा हुबा केला तवा कळलं. सगळं गाव बघतंय, आन मी बघतीया माझीच पाठ." ती हसली, तोंडाला पदर लावून. "न्हाऊन निघाले बघा घामानं. म्हटलं, कुणी वळखलं तर इहीर जवळ करायची. पण गडी माणसं! जल्मभर बायकांच्या मागं चालतील, पण वळखायची न्हाईत."

"चेहरा कोणाचा होता?"

हसणे थांबले. "डोकं शेवटाला आलं. वाटंत म्या गोणपाट सारून बघितलं. मीच. घरी आणून ह्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी म्हनाले, उनानं वितळलं. मार्गशीर्षाचा म्हयना, बाई. वल्ल्या गोणपाटातलं मेण. मग मास्तरनं घाईघाईनं दुसरं डोकं करून दिलं."

"तुम्ही विचारलं नाही?"

"त्यांनी मला काय इचारलं न्हाई, म्या त्यांना न्हाई. चव्वेचाळीस वर्सं झाली."

मी सांगितले की कलमनचे नाव खरवडून निघणार आहे, आणि ते वाचवण्याजोगा पुरावा जगात एकच आहे, तिची साक्ष. तिने निवलेला कप उचलून बाजूला ठेवला.

"भला माणूस हुता," ती म्हणाली. "पण माझ्या नातीचं जमतंय कागलाला. येत्या आयतवारी सुपारी. साहेबानं बायजीची पाठ सा म्हयने बघितली, एवढंच गावाला पुरंल. पुढचं गाव रचंल. नगा लिहू बाई."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. चहा नको म्हटले.

"बुट्टी कोणाची होती, सर?"

ते दचकतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"भेटलीस का तिला? मग तुला कळलंच असेल, की हे लिहिता येत नाही."

"तुम्हाला हे ठाऊक होतं."

"मला एवढं ठाऊक आहे की ती बोलणार नाही. नवऱ्यासमोर तर मुळीच नाही. आणि तो बोलला तर स्वतःच्याच घराची लक्तरं चौकात टांगील. संशयी माणूस आहे तो. चेहरा त्यानेच नासवला. मला एका रात्रीत दुसरा करून द्यावा लागला. तेवढा भाग तरी निर्विवाद माझा आहे की नाही?"

त्या घरातून बाहेर पडताना मला प्रथमच समजले, की सर चव्वेचाळीस वर्षे गुरुभक्तीने गप्प नव्हते. ते साक्षीदारांच्या मरणाची वाट पाहत होते. साक्षीदार मरेनात, म्हणून शेवटी सरांनी एका बाईच्या अब्रूवर भिस्त ठेवली. हिशोब बिनचूक होता. मी अहवालात सतरा जोड लिहिले, रुंदी लिहिली, काष्टा लिहिला, आणि निष्कर्ष दिला की तुकडे छावणीतून आले. 'कोणी आणले' या जागी लिहिले : अज्ञात. मला माझ्या हस्ताक्षराचा इतका तिटकारा कधी आला नव्हता.

समिती नगरपालिकेच्या दालनात बसली. नगराध्यक्ष हिंदुराव घाटगे, दोन सदस्य, इतिवृत्त लिहिणारा कारकून सदरे, सर आणि मी. दाराजवळच्या बाकावर दौलू ओतारी बसला होता. त्याला साक्षीला कोणी बोलावले नव्हते. ठराव होताच नव्या नामफलकाचे माप घेऊन तो ओतायचे काम त्याच्याकडे होते.

अहवाल मी वाचला. हिंदुरावांनी मान डोलावली. "बाई, तुमचं शास्त्र बरोबर असंल. पण तुकडे आपोआप तर उडत आले न्हाईत? आणले कुणी?"

"ते निश्चित सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मग झालंच की."

"सरांना एक विचारू द्या," मी म्हणाले. "सर, तुम्ही मूळ नमुना केलात. तो किती भागांत ओतला?"

"तीन," सर म्हणाले. "रीतीप्रमाणे."

"जोड सतरा आहेत."

"अगं, ओतणारा काय कलावंत असतो?" सर दाराकडे न पाहता हसले. "धातू नीट उतरला नसेल. तुकडे जोडजोडून ठिगळं लावली असतील. मी काय भट्टीपाशी बसलो होतो?"



"आणि ही पाठ, सर? ती तुमच्या दुसऱ्या एकाही कामात दिसत नाही."

इथे त्यांनी गप्प बसायला हवे होते. कागद त्यांच्या बाजूने होते, माझी लेखणी बांधलेली होती, नगराध्यक्षांना जेवायला जायचे होते. पण पाठमोरीची स्तुती चालली होती, आणि ती आपली नाही हे ऐकणे त्यांना सोसले नाही.

"तिच्यासाठी मी बाई उभी केली होती," ते म्हणाले. "माझ्या खोलीवर. महिनोन्महिने. गावातलीच. नाव घेणं सभ्यपणाचं होणार नाही. पायाने जरा अधू होती बिचारी, म्हणून तर ती टाच तशी आहे."

दोन्ही सदस्यांनी एकमेकांकडे पाहिले. गाव लहान होते, आणि त्या वयाची अधू बाई त्यात दुसरी नव्हती. सदरेचा हात कागदावर थबकला.

"मास्तर," दौलू म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. त्याने टोपी काढली नाही.

"ती तुमच्या खोलीवर कवा आली?"

"दौलू, तू बस. मी कोणाचं नाव घेतलं का?"

"मीच घेतो. अध्यक्षसाहेब, किल्ल्यावरनं तुकडे माझ्या बायकोनं आणले. बायजाबाई दौलू ओतारी. बुट्टी तिची, आन पाठबी तिची. साहेबानं तटावरनं बघून केली. ह्या मास्तरनं माती दोनदा पाडली आन माझ्या पायऱ्या झिजवल्या, 'दौलू, माझी नोकरी वाचव' म्हणून. तुकडे सतरा. मास्तरला ठावं न्हाई, कारण त्यो एकदाबी भट्टीपाशी आला न्हाई. डोकं तेवढं त्याचं."

"वय झालंय याचं," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी पंधरा वर्षे ऐकत होते. तो तसा पूर्वी कधी आला नव्हता.

हिंदुरावांनी सरांकडे पाहिलेच नाही. "दौलूमामा, हे लिहून घ्यायचं का? इचार करा. हे कागदावर ऱ्हाईल."

"लिवा. साहेबानं डोकंबी केलं हुतं. ते म्या वितळवलं. तेबी लिवा."

सदरे हा नियमाने चालणारा माणूस. त्याने ओळ पूर्ण केली, दौत सरकवली आणि मान वर न करता विचारले, "मामा, शिल्प नष्ट केल्याची नोंद आहे. कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

दौलू टेबलापाशी आला.

"चार म्हयने ती पाठ म्या कानशीनं घासली," तो म्हणाला. "पयल्या दिवसापास्नं वळखली. कमरंचा खळगा, मणका, खांद्यावरचा ताण, सगळं. अकरा वर्सं संसार केल्ता तवर, आन ह्यातलं म्या काईच बघितलं न्हवतं. त्या परक्या माणसानं तटावरनं, एवढ्या लांबनं बघितलं. मग डोकं आलं. मेणात ती हसत हुती. माझ्या म्होरं ती तशी कवा हसली न्हवती."

"म्हणजे कारण…?"

"तुमीच बघा काय बसतंय त्ये."

सदरेने लेखणी बुडवली, थोडा विचार केला आणि लिहिले. सही करताना मी ती नोंद वाचली. कारणापुढे त्याने लिहिले होते : 'साम्य हुबेहूब असल्याने.'